उन्हाआधीचं गवत

आबांच्या घरात एक वाक्य तीन पिढ्या चालत आलं होतं : आमच्या मेंढ्या उन्हानं कधी वाडग्यात बघितल्या नाहीत. आबांचे आजोबा ते म्हणायचे, वडील म्हणायचे, आणि आबा तर दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की त्यांनी नुसतं 'आमच्या' म्हटलं की त्यांची बायको चुलीपाशी बसल्या बसल्या उरलेलं वाक्य पुरं करून टाकायची. गावानं त्यांना पहाटआबा म्हणायला सुरुवात केली ती चेष्टेनं. आबांनी मात्र ते नाव पदवी मिळाल्यासारखं घेतलं आणि अंगावर वागवलं.

झुंजुमुंजू व्हायच्या आत आबा उठायचे. तोंडावर पाणी मारायचं, घोंगडी खांद्यावर टाकायची, मेंढ्या रात्री कोंडायच्या त्या वाडग्याच्या फाटकाची दोरी सोडायची. पहिला बाहेर पडायचा म्होरक्या, काळ्या तोंडाचा, वळलेल्या शिंगांचा मेंढा. त्याच्यामागे तरण्या मेंढ्या आणि यंदाची कोकरं धावायची, मग बाकीचा कळप. ओढ्याकाठच्या कुरणात पोचेपर्यंत आबांचं धोतर दवानं गुडघ्यापर्यंत भिजलेलं असायचं. ओल्या गवतात मेंढ्यांची तोंडं बुडाली, कुरुकुरु आवाज सुरू झाला की आबा काठीवर हनुवटी टेकवून गावाकडं बघायचे. गावात एकही धूर नसायचा. सगळी दुनिया झोपलेली आणि आपल्या मेंढ्यांचं अर्धं पोट भरलेलं, या सुखाला त्यांच्या लेखी तोड नव्हती.

कळप एकशे साठ मेंढ्यांचा. त्यातल्या तीसेक घरच्या, बाकीच्या गावातल्या तेरा घरांच्या. कोणाची कोणती ते कानाच्या खुणेवरून ओळखायचं. वर्षभर सांभाळायच्या आणि कातरणीच्या दिवशी सगळ्या मालकांसमोर उभ्या करायच्या. लोकर उतरली की मेंढीची खरी तब्येत कळते. ती बघून पुढच्या वर्षाची राखण कोणाकडं द्यायची ते मालक तिथंच ठरवायचे. ठरवायचे म्हणजे काय, कोणीतरी विचारायचं, "राखण कुणाकडं?" आणि बाकीचे म्हणायचे, "आहे तिथंच." आबांच्या आजोबांपासून दुसरं उत्तर कोणी ऐकलं नव्हतं.

यंदा कातरणीला तीन महिने असताना म्होरक्या मागे पडला.

आधी आबांना वाटलं, खुरात काटा असेल. चारही खूर बघितले, काही नाही. मग त्यांनी शेपूट उचललं. खालची लोकर काळपट, ओल्या घाणीनं चिकटून बसलेली. मेंढीची लेंडी कशी असावी, तर वाटाण्यासारखी सुटी आणि कोरडी. इथं नुसतं काळं पाणी. आठ दिवसांत आणखी वीस जणींना तेच. खाणं सुरूच होतं, तरी अंगी लागत नव्हतं. लोकरीत हात घातला की पाठीचा कणा बोटांना टोचायचा. वरून बघणाऱ्याला मात्र काही कळत नव्हतं, कारण लोकर भरपूर होती. देव जसा झाकतो तशी लोकरही झाकते, असं आबांची बायको, घरातली म्हातारी, म्हणाली. आबांना ते आवडलं नाही.

आबा दवाखान्यात गेले. जनावरांची डॉक्टरीण नवी होती, याच वर्षी बदलून आलेली. तिनं जंतांचं औषध दिलं, कोणाला किती पाजायचं ते मापासकट सांगितलं. आबांनी आणि सुनेनं मिळून एका दिवसात एकशे साठ तोंडं उघडली आणि औषध पाजलं. सून मान धरायची, आबा गालाच्या फटीतून नळी आत सरकवायचे. संध्याकाळी दोघांच्याही बोटांना दातांचे ओरखडे होते. औषधानं गुण आला. ढाळ थांबले, म्होरक्या पुन्हा पुढं पळू लागला, आणि आबांनी गावभर सांगितलं की, आमच्या मेंढ्या म्हणजे पोलाद.

तीन आठवड्यांनी पुन्हा काळं पाणी.

त्याच सुमारास गिरणीवाल्यानं आबांना हटकलं. कळपातल्या चाळीस मेंढ्या त्याच्या, म्हणजे त्याच्या शब्दाला वजनही तेवढंच. भुवयांवर कायम पीठ बसलेलं, त्यामुळं तो रागावला की हसतोय ते लवकर समजायचं नाही.

"आबा, ओढ्यापलीकडचा मेंढपाळ परवा गिरणीत आला होता," तो म्हणाला. "विचारत होता, तुमच्या गावची राखण मोकळी होतेय का."

"त्याला काय करायचंय?"

"त्यानं तुमच्या मेंढ्या बघितल्यात लांबून. म्हणाला, चालताना डुलतात."

"चालणारच डुलत. पोटं भरलेली असतात," आबा म्हणाले आणि चालू लागले. पण घरी येईपर्यंत ते आपल्या मेंढ्यांची चाल आठवत राहिले. राखण गेली तर आपल्या तीस मेंढ्या राहतीलच, चूलही पेटेल. पण तीन पिढ्यांनी ज्या फाटकाची दोरी सोडली त्या फाटकात आपल्या हयातीत दुसऱ्याची काठी उभी राहणार? त्यापेक्षा डोळे मिटलेले बरे, असं त्यांना खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचीच एक तरणी मेंढी कुरणात बसली ती उठलीच नाही.

डॉक्टरीण स्कूटरवरून आली. वाडग्यामागं पोतं अंथरून तिनं मेंढी फाडली. लहान आतडं बाहेर काढून कात्रीनं उभं चिरलं, आतला भाग बोटांनी निपटला आणि म्हणाली, "एखादं काळं भांडं द्या. आणि पाणी."

सुनेनं तवा आणला.

"अगं माझा तवा!" म्हातारी ओरडली.

"आता तुमचा राहिला नाही, आजी," डॉक्टरीण म्हणाली आणि आतड्यातलं तिनं तव्यात ओतलं, वरून पाणी घातलं. आबा वाकून बघू लागले. आधी काही दिसेना. मग काळ्या तव्यावर पांढुरके केसांचे तुकडे दिसले, नखाएवढेसुद्धा लांब नाहीत. बघता बघता एक तुकडा वळवळला. मग सगळा तवाच वळवळायला लागला.

"हे?" आबा म्हणाले. "एवढ्याशानं मेंढी मेली?"

"हजारोंनी आहेत. आतड्याला चिकटून राहतात, खाल्लेलं अंगी लागू देत नाहीत. यांची अंडी लेंडीतून गवतात पडतात. ओलाव्यात त्यातून पिल्लं निघतात आणि गवताच्या पातीवर चढून बसतात. मेंढीनं गवत खाल्लं की पुन्हा पोटात."

"म्हणजे औषध खोटं?"

"औषध खरं आहे. ते पोटातले मारतं. गवतावरचे कोण मारणार? चराई बदलून बघा." तिनं हात धुतले आणि स्कूटरला लाथ मारली. तिला त्या दिवशी आणखी दोन गावं करायची होती.

चराई बदला म्हटल्यावर आबांनी बदलली. ओढ्याच्या आणखी खालच्या अंगाला एक सखल तुकडा होता, तिथं पाणी मुरायचं आणि गवत मांडीएवढं वाढायचं. आजारी लेकराला चांगलंचुंगलं द्यावं तसा तो तुकडा आबांनी कळपाला मोकळा केला, आणि तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो म्हणून आणखी अर्धा तास आधी उठायला लागले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, पण ज्याला फुफाटा हिरवा दिसतो त्याला कोण सांगणार?

सांगणारी घरातच होती.

सून वीटभट्टीवाल्याची मुलगी. माहेरी मेंढी म्हणून काय ती चित्रातच बघितलेली. नवरा ट्रकवर असायचा, महिन्यातून दोनदा घरी. लग्न होऊन आली तेव्हा आबांनी तिला वाडगं झाडायचं काम दिलं आणि ज्या मेंढ्या कळपाबरोबर पळू शकत नाहीत त्या तिच्या गळ्यात मारल्या. एक लंगडी, दोन म्हाताऱ्या, एक आंधळी, बाकी अशाच मोडक्यातोडक्या, मिळून अकरा. गाव त्यांना लंगडी पलटण म्हणायचं. सून वाडगं झाडून, पाणी भरून, स्वयंपाक उरकून नऊच्या पुढं आपली पलटण बाहेर काढायची. एवढ्या उशिरा सुटणाऱ्या मेंढ्या आपल्या घरच्या आहेत हे आबा चारचौघांत सांगायचे नाहीत.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "आबा, माझ्या अकरात एकीलाही ढाळ नाही."

"त्या खातात किती! खाल्लं तर ढाळ होतील."

"खातात चांगल्या. आंधळीची पाठ बघा हात लावून, लोण्यासारखी आहे. त्यांना औषध तेच, पाणी तेच, वाडगं तेच. कुरणसुद्धा तेच, तुमच्या मागून तिथंच नेते मी. फरक आहे तो फक्त वेळेचा."

आबांचा हात ताटातच थांबला.

"आणि अजून एक," सून म्हणाली. घाबरली होती, पण सोडत नव्हती. "कळपात पुढं असतात त्या पडल्या. म्होरक्या आणि त्याच्याबरोबरच्या. मागच्या अजून बऱ्या आहेत. ओलं गवत आधी त्यांच्या तोंडात जातं. डॉक्टरीण म्हणाल्या ना, ओलाव्यात ते पातीवर चढतात. दव वाळेपर्यंत थांबलं तर..."

"थांबलं तर?" आबांचा आवाज चढला. "मेंढ्या वाडग्यात कोंडून ऊन बघत बसायचं? माझ्या बापानं, आज्यानं जे केलं ते चूक, आणि विटा थापणाऱ्या घरातून आलेली तू मला मेंढ्या शिकवणार?"

"विटा थापणाऱ्या घरात ओल कळते, आबा," ती म्हणाली. "तेवढंच कळतं. पण ते नीट कळतं."

म्हातारीनं मध्ये आमटीचा डाव आपटला. "जेवा आधी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो नाहीच." हे कोणाला उद्देशून होतं ते कोणी विचारलं नाही. आबा अर्ध्या जेवणावरून उठले. सुनेनं ताट उचललं, आणि तिचे डोळे भरले होते हे आबांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

त्यानंतरचा आठवडा आबांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. रोज आणखी लवकर उठायचे, जणू आधी पोचलं की आजाराला गाठता येईल. सखल तुकड्यात धोतर आता कमरेपर्यंत भिजायचं. सातव्या दिवशी सकाळी म्होरक्यानं चरता चरता पुढचे पाय दुमडले आणि तोंड गवतातच ठेवून तो आडवा झाला. आबांनी शिंगं धरून ओढलं, पाठीवर थाप मारली, कानात शिवी दिली. म्होरक्यानं एक डोळा उघडून बघितलं, तेवढंच. जबडा धरला तर खाली मऊ सूज, पाण्यानं भरलेली.

आबांनी कळपाकडं लक्ष ठेवायला मागून पलटण घेऊन पोचलेल्या सुनेला हाक मारून बोलावलं आणि मेंढा खांद्यावर घेतला. एके काळी हा मेंढा दोघांना उचलवायचा नाही. आज म्हाताऱ्या माणसाच्या एकट्याच्या खांद्यावर तो बसला, आणि चढावर आबांना दमही लागला नाही. त्याचंच त्यांना रडू आलं. रस्ता गावातून होता. हौदावर बायका भांडी घासत होत्या. एकीनं विचारलं, "काय झालं हो, पहाटआबा?" आणि पहाट हा शब्द आबांच्या कानाला पहिल्यांदा टोचला. म्होरक्याच्या शेपटीखालचं काळं पाणी त्यांच्या घोंगडीवरून धोतरावर ओघळत होतं आणि तसंच त्यांना पुरा रस्ता चालावं लागलं. गिरणीच्या दारात गिरणीवाला उभा होता. त्यानं म्होरक्याकडं एकदा बघितलं आणि तो आत वळला.

दुपारी डॉक्टरीण आली. म्होरक्याला औषध पाजलं, ताकदीची सुई दिली. सुनेनं आबांच्या देखतच तिला विचारलं, "दव वाळल्यावर मेंढ्या सोडल्या तर उपयोग होईल का?"

डॉक्टरीण चमकली. "म्हणजे तुम्ही दव असताना सोडता? किती वाजता?"

"पाचला," आबा म्हणाले. सवयीनं त्यांची मान ताठ झाली होती. "पाचच्या आतच."

"अरे देवा. माझ्या सगळ्या गावांतले कळप नऊनंतर सुटतात. तुम्ही पाचला सोडता हे मला कोणी सांगितलंच नाही."

"सगळ्या गावाला माहीत आहे!"

"मी गावची कुठं आहे, आबा?" ती म्हणाली. "दवाच्या पाण्यातूनच ते पातीवर वर चढतात. ऊन लागून पात वाळली की बरेचसे खाली मुळाशी सरकतात. तुमच्या मेंढ्या रोज त्यांच्या वर चढायच्या वेळेला गवतावर तोंड टाकतायत. आणि जिथं पाणी मुरतं तिथं तर अजिबात नेऊ नका."

आबा म्होरक्याशेजारी बसून राहिले. चाळीस वर्षं ज्या गोष्टीचा तोरा मिरवला तीच मेंढ्यांच्या पोटात जात होती. यापेक्षा कोणी चोर म्हटलं असतं तर बरं, असं त्यांच्या मनात आलं.

पण दुसऱ्या दिवशी पाचला डोळे उघडलेच. सवय काय, ती माणूस मेल्यावरच मोडते. आबा उठून वाडग्यापाशी आले तर सून फाटकाला टेकून उभी. दोघंही कुरणापर्यंत गेले, मेंढ्या न घेता. आबांना काठी कुठं टेकवावी तेच कळेना.

"हात पालथा करा," सून म्हणाली. "तळवा नको. तळव्याला घट्टे असतात, तो खोटं बोलतो. पालथा हात गवतावरून फिरवा."

आबांनी फिरवला. मनगटापर्यंत ओला झाला.

"आमच्याकडं कच्ची वीट भट्टीत लावायच्या आधी असाच हात लावतात. वरून वाळलेली दिसते, पण पालथ्या हाताला गार लागली तर आत ओल असते. तशी लावली तर फुटते, शेजारच्या चार फोडते. माझे बाबा एकेका विटेला हात लावायचे. लोक हसायचे, म्हणायचे, हा विटांना गोंजारतोय. पण त्यांच्या भट्टीत फुटकी वीट निघायची नाही."

हे सांगताना तिची मान अशी वर झाली की आबांना ओळखीचं काहीतरी दिसलं. स्वतःच्या बापाविषयी बोलताना आपण असेच दिसत असू, हे त्यांच्या ध्यानात आलं.

दोघं तिथंच बांधावर बसले. ऊन वर आलं. सून दर थोड्या वेळानं गवतावर पालथा हात फिरवायची, मग आबाही फिरवायचे. गार, गार, कमी गार. मध्येच आबा म्हणाले, "माझ्या आज्याच्या वेळी या कुरणावर सात कळप होते. जो आधी पोचेल त्याच्या मेंढ्यांना गवत, मागच्यांना माती. म्हणून तो उन्हाआधी निघायचा."

"आणि आता?"

आबांनी कुरणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. सात कळपांतले सहा कधीच गेले होते. ज्या शर्यतीसाठी ते चाळीस वर्षं पळत होते तिच्यात दुसरं कोणी उरलंच नव्हतं. आबांना हसू आलं, आणि मग त्यांनी बराच वेळ नाक पुसलं.

गवत हाताला कोरडं लागलं तेव्हा सव्वानऊ झाले होते.

पुढं कातरणीपर्यंत सात आठवडे उरले होते. पुन्हा एकदा सगळ्यांना औषध पाजलं, आणि सखल तुकडा बंद करून कळप वरच्या कोरड्या माळावर वळवला. हे सोपं होतं. अवघड होतं ते फाटक बंद ठेवणं. पाचला मेंढ्या उठायच्या आणि फाटकापाशी येऊन ओरडायच्या. त्यांनाही तीन पिढ्यांची सवय. दीडशेवर जणी एकदम ओरडल्या की आबांचे हात आपोआप दोरीकडं जायचे. तिसऱ्या दिवशी ते सुनेला म्हणाले, "दोरीला तुझी गाठ मार. माझी मला सोडता येते."

तिनं विटांच्या गाडीवर मारतात तसली गाठ मारली. आबांनी एकदा चोरून प्रयत्न केला, नखं दुखली, गाठ हलली नाही. त्यानंतर ते फाटकासमोरच दगडावर बसून राहायचे, मेंढ्यांकडं पाठ करून.

गावाला तमाशाच मिळाला. ऊन घरांवर आलेलं, मेंढ्या वाडग्यात बोंबलतायत आणि पहाटआबा दगडावर. हौदावरच्या बायका विचारायच्या, "आबा, कोंबडा मेला का तुमचा?" कोणी म्हणायचं, म्हातारपण आलं, आता उठवत नाही. गिरणीवाला येता-जाता घड्याळ बघायचा. "नऊ वाजले, आबा."

"वाजू देत."

"सुनेच्या मुठीत गेलात म्हणतात लोक."

आबांच्या तोंडावर शिवी आली होती. ती गिळायला त्यांना बराच वेळ लागला. "मूठ चांगली आहे तिची," ते शेवटी म्हणाले, "आणि पालथी केली तर आणखी चांगली."

गिरणीवाल्याला काही कळलं नाही. आबांनीही समजावून सांगितलं नाही. बोलून सिद्ध करायची गोष्ट ही नव्हती, आणि कातरणीच्या आधी लोकरीतलं कोणाला दाखवताही येत नव्हतं. रोज संध्याकाळी मेंढ्या फाटकातून आत येताना आबा एका बाजूला आणि सून दुसऱ्या बाजूला उभे राहून एकेकीच्या पाठीवरून हात फिरवायचे. चौथ्या आठवड्यात कणा टोचायचा थांबला. सहाव्या आठवड्यात सकाळी वाडगं झाडताना सुनेनं हाक मारली, "आबा, ऐका." खराट्यापुढं लेंड्या खडखड वाजत होत्या, सुट्या आणि कोरड्या. दोघं उभं राहून तो आवाज ऐकत राहिले. म्हातारी दारातून म्हणाली, "लेंड्या ऐकून खूश होणारं घर गावात हेच एक असेल."

कातरणीच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. तेराही घरांचे लोक आले. ओढ्यापलीकडचा मेंढपाळही आला होता, कोणी बोलावलं ते कोणी सांगेना. वाडग्यासमोर पोती अंथरली, दोन कातरणारे कात्र्यांना दगडावर धार लावून बसले. गिरणीवाला खाटेवर मध्यभागी.

रीत अशी की आधी चांगल्या मेंढ्या काढायच्या, म्हणजे मालकांचं मन प्रसन्न होतं आणि मागच्यांकडं कोणी बारकाईनं बघत नाही. प्रत्येक मेंढपाळ हेच करतो. आबा वाडग्यात गेले आणि म्होरक्याला घेऊन बाहेर आले.

म्होरक्या वाचला होता, पण भरला नव्हता. पळायचा नाही, लंगड्या पलटणीबरोबर मागून चालायचा.

"आधी हा," आबा म्हणाले.

सून पुढं झाली. "आबा, त्याला शेवटी..."

"आधी हा."

कात्री चालली. लोकर एका अंगानं सोलून पोत्यावर पडत गेली आणि आतून म्होरक्या निघाला : बरगड्या मोजून घ्याव्यात असा, पाठीचा कणा करवतीसारखा. बघणारे पुढं सरकले. पलीकडच्या मेंढपाळानं हळूच मिशीवरून हात फिरवला.

"हा माझ्या घरचा मेंढा," आबा म्हणाले. त्यांनी म्होरक्याच्या पाठीवर हात ठेवला. "याला मी असा केला. गिरणीवाल्याची एक मेंढी गेली, तीही माझ्यामुळं. माझ्या घरच्या तिसांतून तो वाटेल ती उचलून नेईल. दवातल्या गवतावर जंत चढतात, आणि मी रोज पाचला यांना त्याच गवतावर नेत होतो. वरून फुशारकी मारत होतो. तुम्ही सगळ्यांनी ती ऐकलीय. आता माझी चूक डोळ्यांनी बघा. बघितली? आता पुढच्या आणतो. त्या माझ्या सुनेनं सांभाळल्यात, सात आठवडे, दव वाळल्यावर सोडून. तुम्ही हसत होतात तेव्हा."

मग मेंढ्या येऊ लागल्या. पहिली कातरली, पाठ सपाट, गोल. दुसरी. पाचवी. विसावी. गिरणीवाला खाटेवरून उठला आणि आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर स्वतः हात फिरवू लागला. कण्याला बोट लागेना. पांढऱ्या, स्वच्छ, कातरलेल्या मेंढ्या उन्हात उभ्या राहत गेल्या, आणि त्यांच्या शेपटीखाली एक डागही नव्हता. आंधळी कातरून झाली तेव्हा कातरणारा म्हणाला, "हिच्या पाठीवर पाणी ओतलं तर वाहून जाणार नाही." लोक हसले. या वेळचं हसणं आबांना गोड लागलं.

पलीकडचा मेंढपाळ जेवायला थांबला नाही.

शेवटी कोणीतरी रीतीप्रमाणं विचारलं, "मग राखण कुणाकडं?"

"आहे तिथंच," दोघं-तिघं एकदम म्हणाले.

"नाही," आबा म्हणाले. सगळे वळले. सुनेच्या हातातलं लोकरीचं गाठोडं तसंच राहिलं. "आहे तिथं नाही. तिच्याकडं. तिचं नाव घेऊन द्यायची असेल तर द्या. काठी मी धरीन, पाय अजून चालतात माझे. पण फाटक कधी उघडायचं ते ती सांगेल."

गिरणीवाल्यानं भुवयांवरचं पीठ झाडलं, तेव्हा कळलं की तो हसत होता. "सूनबाई, घेतलीस का राखण?"

सासऱ्यासमोर आणि तेरा घरांसमोर एरवी ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. आता तिनं गाठोडं खाली ठेवलं. "घेतली," ती म्हणाली. "पण नऊ वाजले, नऊ वाजले म्हणून मला कोणी घड्याळ दाखवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आबा पाचलाच उठले. दगडावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी मेंढ्यांकडं पाठ केली नाही, तोंड केलं. नव्यानं कातरलेल्या दीडशेवर पाठी अंधुक उजेडात दिसत होत्या, आणि मागच्या कोपऱ्यात म्होरक्या रवंथ करत होता. सून कुरणाकडून आली, पालथा हात पदराला पुसत. "अजून गार आहे," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. म्हातारीनं दोघांना चहा आणून दिला.

ऊन डोंगरावर आलं, गिरणीच्या छपरावर उतरलं, हौदावर आलं. मग वाडग्याच्या कुडावरून सरळ आत शिरलं आणि मेंढ्यांच्या पाठीवर पडलं. म्हातारीला राहवलं नाही. "आमच्या मेंढ्या उन्हानं कधी..." तिनं सुरुवात केली.

"बघू दे," आबा म्हणाले. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि पाय लांब पसरले. "बघू दे त्याला. अशा मेंढ्या त्याला दुसऱ्या कुठल्या वाडग्यात दिसणार आहेत?"